वेब सर्व्हरवर एकाच वेळी अनेक विनंत्या पाठवून त्याचा वेग मोजणाऱ्या अपाचेच्या ‘एबी’ या साधनाच्या अहवालात ‘टाइम पर रिक्वेस्ट’ ही ओळ दोनदा का येते, आणि दस्तऐवजात कोणता आकडा लिहावा?

दोन्ही आकडे लिहावेत. पहिला एका वापरकर्त्याला सरासरी किती वेळ थांबावे लागले ते सांगतो, तर दुसरा सर्व्हरने सरासरी किती वेळाने एकेक विनंती हातावेगळी केली ते. एबीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत दोन्हींची सूत्रे दिलेली आहेत: एकूण लागलेल्या वेळेला पूर्ण झालेल्या विनंत्यांच्या संख्येने भागले की दुसरा आकडा मिळतो, आणि त्याला ‘-सी’ने दिलेल्या समांतर विनंत्यांच्या संख्येने गुणले की पहिला. समजा ‘-एन १००० -सी ५०’ (एकूण १००० विनंत्या, एका वेळी ५०) अशी चाचणी १० सेकंदांत संपली, तर पहिल्या ओळीत ५०० मिलिसेकंद दिसतील आणि दुसरीत, जिच्या कंसात ‘अक्रॉस ऑल कॉन्करंट रिक्वेस्ट्स’ असे लिहिलेले असते, अवघे १०. नुसते १० लिहिले तर वाचणाऱ्याची फसगत होते, म्हणून आकड्यांशेजारी ‘-एन’ आणि ‘-सी’च्या किमती असलेली संपूर्ण आज्ञा जशीच्या तशी नोंदवणे मी अत्यावश्यक मानतो. मात्र अहवालात ‘नॉन-टूएक्सएक्स रिस्पॉन्सेस’ (म्हणजे २००च्या मालिकेतला यशाचा संकेतांक नसलेली उत्तरे) ही ओळ दिसली, तर दोन्ही सरासऱ्यांवर विसंबू नये, कारण ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’) यासारखी झटपट परतणारी त्रुटीची उत्तरेही पूर्ण झालेल्या विनंत्यांतच मोजली जातात.