चिकन आउट म्हणजे कोंबडीचा काही संबंध नाही

आतेभावाचा मेसेज आला, रविवारी ऑफिसची पोरं हरिहर किल्ल्यावर ट्रेकला चाललीयेत आणि ग्रुपवर एकीने त्याला लिहिलंय ‘डोन्ट चिकन आउट’, तर याचा अर्थ डब्यात चिकन आणू नको असा आहे का, श्रावण बिवण पाळते का ती? हसून झाल्यावर म्हटलं नीट लिहूनच टाकू.

इंग्रजीत बोलीभाषेत चिकन म्हणजे भित्रा माणूस. आपल्याकडे भित्रेपणाचा मान सशाला, त्यांच्याकडे कोंबडीला. चिकन आउट म्हणजे ठरवलेली गोष्ट भीतीपोटी ऐनवेळी सोडून देणं. मराठीत सगळ्यात जवळचं म्हणजे ‘ऐनवेळी कच खाणे’, आणि टोमणाच मारायचा असेल तर ‘शेपूट घालणे’.

पण भीती हवीच हां. ‘माघार घेणे’ त्यामानाने सपक आहे, निवडणुकीत उमेदवारही माघार घेतो, तो घाबरूनच घेतो असं नाही. आपली ‘कल्टी मारणे’ बाजाने जुळते, पण कल्टी माणूस कंटाळा आला म्हणूनही मारतो. आणि ‘पाय लटपटणे’ तर नाहीच. हरिहरच्या पायऱ्या पाहिल्या असतील तर कळेल, जवळजवळ उभ्याच, कातळात कोरलेल्या, हात धरायला दगडात खोबण्या आहेत आणि खाली बघितलं की पोटात गोळा येतो. तिथे लटपटत का होईना जो वर गेला तो चिकन आउट झाला नाही. जो पहिल्या पायरीशी बूट घट्ट करत बसला आणि मग म्हणाला ‘तुम्ही या जाऊन, मी बॅगा सांभाळतो’, तो झाला. (हे मी स्वतः केलंय, पहिल्या खेपेला, म्हणून इतकं डिटेलमध्ये माहितीये.) पाऊस लागला म्हणून सगळ्यांनीच ट्रेक रद्द केला तर त्याला मात्र कोणी असं म्हणणार नाही.

वापरायचं कसं तर ‘ही चिकन्ड आउट’ (He chickened out, म्हणजे त्याने कच खाल्ली), आणि कशातून ते सांगायचं तर पुढे ‘ऑफ’ लावायचं, ‘चिकन्ड आउट ऑफ द ट्रेक’. मित्रांत चालतं, साहेबाला मेलमध्ये लिहू नको, तिथे बॅक आउट बरं. स्वतःबद्दल म्हटलं तर गंमत, दुसऱ्याला म्हटलं तर चिडवणं, आणि तुला चिडवलंयच.

डब्यात काय न्यायचं ते तिलाच विचार.