पॉवर बीआयचा (मायक्रोसॉफ्टचं आकडेवारीचे चार्ट-रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट पॉवरपॉइंटमध्ये एक्सपोर्ट केला की बॅकग्राउंडचं चित्र ताणलं जातं आणि कडेला पट्ट्या येतात. काय करावं?

आधी रिपोर्टच्या पानाचं फॉरमॅट उघडून कॅनव्हास बॅकग्राउंडमध्ये (कॅनव्हास म्हणजे रिपोर्टचं पान) ‘इमेज फिट’ काय ठेवलंय ते बघा. ‘नॉर्मल’ किंवा ‘फिल’ असेल तर स्क्रीनवर सगळं ठीकठाक दिसतं आणि पीपीटीएक्समध्ये, म्हणजे पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये, चित्र वेडंवाकडं होतं. तिथे ‘फिट’ करा. हा काही माझा जुगाड नाही, मायक्रोसॉफ्टही हेच सांगतं.

पट्ट्यांचं कारण वेगळं. तुमचं पान कुठल्याही मापाचं असो, एक्सपोर्ट झालेली स्लाइड १६:९ चीच असते. पान ४:३ म्हणजे ९६० × ७२० चं असेल, तर बाजूला जागा उरणारच. कॅनव्हास सेटिंग्जमध्ये १६:९ निवडा (१२८० × ७२०) आणि चित्रही त्याच प्रमाणात बनवून घ्या. २५६० × १४४० चं केलंत तर उत्तम. प्रमाण जुळलं की ‘फिट’ ठेवूनही चित्र कडेपर्यंत जातं. चित्र वॉलपेपरमध्ये टाकलं असेल तर तिथून काढून कॅनव्हास बॅकग्राउंडला लावा. वॉलपेपर मुळात पानाबाहेरच्या जागेसाठी आहे.

आता न विचारलेला सल्ला. कंपनीचा लोगो, खालची रंगीत पट्टी, ‘गोपनीय’चा शिक्का हे सगळं बॅकग्राउंडच्या चित्रात कोंबू नका. एक्सपोर्ट करताना ‘इमेज’ निवडलं की अख्खं पान एक सपाट चित्र होऊन स्लाइडवर बसतं. मग लोगो हलवता येत नाही, बारीक अक्षरं फुटतात, आणि स्लाइड मास्टरमध्ये (सगळ्या स्लाइड्सचा सामाईक साचा) तुम्ही कितीही सुंदर टेम्प्लेट लावा, ते त्या चित्राखाली झाकलं जातं. साहेबांनी आयत्या वेळी ‘नवीन टेम्प्लेटमध्ये टाका’ म्हटलं की सगळं पुन्हा करत बसा! मी रिपोर्टचं पान सरळ पांढरं ठेवतो आणि सजावट स्लाइड मास्टरवर सोडतो. एक्सपोर्ट झालेलं चित्र क्रॉप करून टेम्प्लेटच्या मोकळ्या जागेत बसवलं की झालं. गडद बॅकग्राउंडवरचे लाल-हिरवे आकडे प्रोजेक्टरवर कुणाला दिसत नाहीत, ती कटकटही वाचते.

दर महिन्याला तेच डेक, म्हणजे तोच स्लाइड्सचा संच, लागत असेल तर एक्सपोर्टच्या भानगडीत न पडता पॉवरपॉइंटमधलं पॉवर बीआय अ‍ॅड-इन (रिपोर्ट थेट स्लाइडवर दाखवणारी जोड-सुविधा) वापरा. पूर्ण पान नको असेल तर एकेका चार्टची लिंकही टाकता येते. चौकट हवी तेवढी लहान-मोठी करा, आजूबाजूला तुमचं टेम्प्लेट जसंच्या तसं राहतं. मात्र बघणाऱ्याकडे पॉवर बीआयचं लायसन्स आणि त्या रिपोर्टची परवानगी हवी. बाहेरच्या क्लायंटला पाठवायचं असेल किंवा मीटिंग रूमच्या नेटचा भरवसा नसेल, तर अ‍ॅड-इनच्या मेनूतून ते सेव्ह केलेल्या इमेजच्या रूपात दाखवायचा पर्याय निवडा आणि मगच फाइल पाठवा.