पडद्यावरचा सुरेख आलेख कागदावर पुसट का होतो?

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राला आहे. प्रकल्पासाठी हवेतल्या आणि पाण्यातल्या लंबकाचे आलेख ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एकत्र काढले. स्क्रीनशॉट अहवालात घातला, तर छापल्यावर अक्षांवरचे आकडे वाचता येत नाहीत. झेरॉक्समध्ये तर दोन्ही रेषा सारख्याच दिसतात. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आधी स्क्रीनशॉट सोडा. त्यात पडद्यावर असतात तेवढेच बिंदू येतात आणि छपाईला ते पुरत नाहीत. ऑक्टेव्हमध्ये ‘प्रिंट’ ही आज्ञा आहे. तिला फाइलचं नाव दिलं की ती फाइल बनवते, आणि नावाच्या शेवटी पीएनजी आहे की पीडीएफ यावरून प्रकार ओळखते. जेपीजी मात्र नको. ते फोटोंसाठी ठीक, पण त्यात बारीक रेषांच्या कडेला डाग उमटतात.

आता खरी गोम. काहीच न सांगता पीएनजी काढलंत तर इंचाला १५० बिंदू धरले जातात. समजा आकृती ८ बाय ६ इंचांची आहे, तर १२०० बाय ९०० बिंदूंची प्रतिमा मिळते. तुमच्या पानावर जागा असते जेमतेम ४ इंच. वर्डमध्ये कोपरा धरून चित्र लहान केलंत, की १० पॉइंटची अक्षरं ५ पॉइंटची होतात. नुसते बिंदू वाढवून हे सुटत नाही. म्हणून आकार आधी ठरवा: आकृतीच्या ‘पेपरपोझिशन’मध्ये रुंदी ४ आणि उंची ३ इंच द्या, मग ‘आर ३००’ (म्हणजे इंचाला ३०० बिंदू) हा पर्याय जोडून प्रिंट करा. बिंदू १२०० बाय ९००च, पण अक्षरं कागदावर पूर्ण १० पॉइंटची. वर्डमध्ये मग चित्राला हात लावू नका. लाटेक या वैज्ञानिक लेखनाच्या प्रणालीत लिहीत असाल तर पीडीएफच घ्या, कितीही मोठं केलं तरी फुटत नाही; फक्त ‘पेपरसाइझ’ही ४ बाय ३ करा, नाहीतर भोवती कोरं पान येतं.

रेषांचं म्हणाल तर ऑक्टेव्ह पहिली रेषा निळी काढतं, दुसरी नारिंगी. काळ्यापांढऱ्यात दोन्ही जवळपास सारख्याच करड्या होतात. हवेची सलग ठेवा, पाण्याची तुटक. जाडी मुळात ०.५ असते, ती १.५ करा.

प्रकल्प तपासताना मी पट्टी लावून लागोपाठच्या शिखरांची उंची मोजतो. त्यांच्या गुणोत्तराच्या लॉगवरून अवमंदन, म्हणजे झोके किती झपाट्याने विरतात ते, निघतं, आणि ते तुमच्या तक्त्याशी जुळतंय का ते पाहतो. अक्षावरचे आकडेच वाचता आले नाहीत, तर तुमची सगळी मेहनत माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हो, या सगळ्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून मोजमापांच्या फाइलशेजारी ठेवा. जमा करायच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक म्हणतील, ‘अक्षावर एकक कुठे आहे?’ तेव्हा एक ओळ बदलून स्क्रिप्ट पुन्हा चालवली की काम झालं.