शिरा फुगल्यात, लेसर करू, ग्लू करू की कापून काढू?

गेल्या अंकात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायदुखीवर लिहिलं आणि पत्रांचा पाऊसच पडला, त्यात बरीच पत्रं फुगलेल्या शिरांच्या ऑपरेशनबद्दलची. पुस्तकात याला अपस्फीत नीला म्हणतात म्हणे, पण त्या नावानं अजून एकही पेशंट माझ्याकडं आलेला नाही, तेव्हा आपण सरळ व्हेरिकोजच म्हणू.

प्रश्न : मॅडम, शाहूपुरीत माझं मिसळीचं हॉटेल हाय, वय ५२. पंचवीस वर्षं पहाटे पाचपासून कटाच्या पातेल्यापुढं उभा असतोय. डाव्या पायाच्या शिरा मांडीपासून पोटरीपर्यंत करंगळीएवढ्या जाड झाल्यात, घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी जरा काळी पडलीय आणि खाज सुटते. तीन ठिकाणी दाखवलं, एकानं लेसर सांगितलं, दुसऱ्यानं ग्लू, तिसरे म्हणाले जुन्या पद्धतीनं शीर ओढून काढू. यात बेस्ट कुठलं? आणि परत कामावर कधी?

उत्तर : दादा, आधी त्या काळ्या डागाचं बोलू, कारण तुम्ही तो जाता जाता लिहिलाय आणि मला पत्रातली तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. शीर नुसती फुगलेली दिसते म्हणून कुणी ऑपरेशन करायलाच हवं असं काही नाही, कितीतरी जण तशीच आयुष्य काढतात, पण घोट्यापाशी कातडी काळी, खाजरी, कडक व्हायला लागली म्हणजे तिथं दाब कित्येक महिने साचून राहिलाय आणि त्याच्या पुढची पायरी जखमेची असते. म्हणजे उपचार घ्यायचा का, हा प्रश्न तुमच्यापुरता संपला, आता फक्त कुठला एवढंच.

पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि चढलेलं रक्त परत खाली उतरू नये म्हणून शिरांच्या आत बारीक झडपा असतात, विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह डोळ्यासमोर आणा, तो गेला की पाइपातलं पाणी उतरून जातं आणि मोटर नुसती फिरत राहते. चालताना पोटरीचा पंप चालू, एका जागी उभं राहिलं की बंद. फक्त उभं राहिल्यानंच हे होतं असं नाही, घराण्यात असणं हे फार मोठं कारण आहे, पण ज्याच्या झडपा मुळात कच्च्या त्याला कटाचं पातेलं नडतं.

आता तिघांच्या तीन मतांचं. तिघंही बरोबर असू शकतात, कारण मशीन कुठलं हे शेवटी ठरतं, आधी ठरतो तो तुमच्या पायाचा नकाशा. रिपोर्ट घेऊन येणाऱ्याला मी पहिलं हेच विचारते, डॉप्लर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, उभं करून केला का झोपवून? आतल्या खोल शिरेत गुठळी आहे का ते झोपूनही कळतं, पण गळती बघायची तर माणूस उभा पाहिजे. तुम्ही स्टुलावर उभे, वजन उजव्या पायावर, डावा पाय सैल, तपासणारा पोटरी हातानं दाबतो आणि मशीनमधून रक्त वर गेल्याचा हुश्श असा आवाज येतो, मग हात सोडतो. चांगल्या शिरेत शांतता. खराब शिरेत उलटा हुश्श्श्श लांबत जातो, अर्ध्या सेकंदाच्या वर उलटं गेलं की ती शीर गळती म्हणायची. कुठून कुठपर्यंत गळतंय, शीर किती मिलिमीटर जाड, सरळ आहे का नागमोडी, कातडीपासून किती खोल, आतल्या मोठ्या शिरा मोकळ्या आहेत का, एवढं रिपोर्टमध्ये नसेल तर लेसर का ग्लू हा वाद घालण्यात अर्थ नाही, आधी डॉप्लर परत करून घ्या.

घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून जांघेपर्यंत जाणारी एक लांब शीर असते, तुमच्या वर्णनावरून बहुतेक तीच गळतेय. तिला वाहतुकीतून बाद करायचं, एवढंच तिन्ही पद्धतींचं काम. लेसरमध्ये गुडघ्याच्या आसपास सुईच्या भोकातून शिरेत बारीक फायबर घालतात, सोनोग्राफीत बघत बघत टोक जांघेतल्या जोडाच्या साधारण दोन सेंटिमीटर अलीकडं थांबवतात आणि मग शिरेच्या भोवतीनं सलाइन आणि भुलीचं औषध टोचत जातात. पेशंटला हाच भाग कंटाळवाणा वाटतो, पण तेच पाणी कातडीला आणि शेजारच्या नर्व्हला चटक्यापासून वाचवतं, आणि शीर फायबरवर आवळून बसते. मग फायबर हळूहळू खाली ओढत शीर आतून भाजत आणायची. आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, ती याचीच सख्खी बहीण, तिच्या नेहमीच्या कॅथेटरला, म्हणजे शिरेत घालायच्या बारीक नळीला, एका वेळी सात सेंटिमीटरचा तुकडा १२० डिग्रीला २० सेकंद तापतो, मग पुढचा तुकडा. ग्लूमध्ये उष्णताच नाही म्हणून भुलीचे ते रांगेनं टोचेही नाहीत, फेविक्विकच्या खानदानातला पण शरीरासाठी बनवलेला डिंक थेंब थेंब सोडून वरून दाबतात, मात्र काहींना त्या रेषेवर नंतर लाल खाजरी सूज येते.

आणि जुनं ऑपरेशन म्हणजे जांघेत छेद घेऊन शीर बांधायची आणि तार घालून गुडघ्यापर्यंत ओढून काढायची, १९०७ साली बॅबकॉक नावाच्या अमेरिकन सर्जननं ही तारेची युक्ती काढली, शंभर वर्षं जगानं हेच केलं, त्यामुळं ‘जुनं’ म्हटल्यावर नाक मुरडू नका. ब्रिटनमध्ये जवळपास ८०० पेशंटना लेसर, फोम (फेसाळ औषध टोचून शीर बंद करणं) आणि ऑपरेशन अशा तीन गटांत वाटून पाच वर्षं बघितलं, २०१९ मध्ये ते छापून आलं, त्यात पायांच्या त्रासाच्या हिशोबानं लेसर आणि ऑपरेशनवाले फोमवाल्यांपेक्षा बरे निघाले. लेसरचा खरा फायदा म्हणजे छेद नाही, कमरेत इंजेक्शन घ्यायची गरज सहसा नाही आणि त्याच दिवशी चालत घरी.

माझं मत विचाराल तर शीर सरळ आणि कातडीपासून पुरेशी खोल असेल तर आरएफ नाहीतर लेसर, त्या दोन्हीत मी फार फरक करत नाही, करणाऱ्याचा हात कशावर बसलाय ते बघा. शीर खूप नागमोडी असेल, फायबर पुढं सरकतच नसेल, तर ऑपरेशन किंवा फोम. ग्लू वाईट नाही, महाग आहे. पैसे ठरवताना एक विचारा, फायबर किंवा कॅथेटर नवीन उघडणार का, ती एकदाच वापरायची वस्तू आहे. दुसरं विचारा, पोटरीवरच्या फुगलेल्या शिरांच्या गाठींचं काय करणार? मोठी शीर बंद केली तरी खालच्या गाठी सगळ्या बसतातच असं नाही, त्या दोन-तीन मिलिमीटरच्या टोच्यातून हुकानं ओढून काढाव्या लागतात किंवा फोमनं बंद कराव्या लागतात, आणि हे पॅकेजमध्ये धरलेलं नसलं की महिन्यानं पेशंट म्हणतो लेसर करून पण गाठी हायत तिथंच हायत. त्या गाठी ऑपरेशनच्या आधी उभं करून मार्करनं आखतात, झोपल्यावर त्या गायब होतात. कुणी न आखताच टेबलावर घ्यायला लागलं तर खुशाल विचारा.

लेसरनंतर तीन-चार दिवसांत गल्ल्यावर बसा, पण दर अर्ध्या तासानं उठून टेबलांमधून एक फेरी मारायची. पातेल्यापुढं सलग उभं राहायचं दोन आठवडे तरी नाही, तोवर पोराला शिकवा कट. निळे-काळे डाग, मांडीत दोरी ओढल्यासारखं दुखणं, एखादी जागा बधिर, हे होतं आणि बहुतेकांचं जातं. पोटरी टणक होऊन सुजली, दुखायला लागली, किंवा दम लागला तर मात्र फोन करत बसू नका, थेट दवाखाना, खोल शिरेतली गुठळी क्वचित होते पण होते.

प्रश्न : शीर बंदच केली तर रक्त जाणार कुठून? आणि उद्या हार्टचं बायपास करायची वेळ आली तर पायातलीच शीर लागते म्हणतात, ती आधीच जाळून बसलो तर? — निवृत्त एसटी कर्मचारी, कागल

उत्तर : काका, पहिल्याचं उत्तर सोपं. पायातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास रक्त आतल्या खोल शिरांतनं जातं, ही वरची शीर म्हणजे गावातली बोळ, हायवे आत आहे. तुमच्या केसमध्ये तर बोळातली वाहतूक उलटी चाललीय, ती बंद झाल्यावर हायवेवरचा बोजा कमीच होतो. फक्त हायवे मोकळा आहे याची खात्री आधी डॉप्लरवर करायची, पूर्वी खोल शिरेत गुठळी झालेली असेल तर डॉक्टरना न विसरता सांगा, तिथं गणित बदलतं.

दुसरा प्रश्न रास्त आहे. बायपासला तीच लांब शीर काढतात हे खरं, पण त्यांना हवी असते सरळ, पातळ, निरोगी शीर. वेडीवाकडी फुगलेली शीर हार्ट सर्जनही सहसा नको म्हणतात. दुसऱ्या पायातली, हातातली, छातीच्या आतली रक्तवाहिनी हे पर्याय असतातच. म्हणून उद्याच्या बायपाससाठी आजची गळकी शीर राखून ठेवण्यात राम नाही, उलट चांगली असलेली शीर उगाच कुणी बंद करत नाही ना, तेवढं बघा.

प्रश्न : आईला (वय ६४, गडहिंग्लज) घोट्याच्या वर आतल्या बाजूला दोन वर्षांपासून जखम आहे, भरते आणि परत उघडते. शुगर पण आहे. रोज ड्रेसिंग, मधे कुणीतरी सांगितलं म्हणून झाडपाल्याचा लेप पण लावला. डॉक्टर म्हणतात आधी जखम भरू दे मग शिरेचं बघू. दोन वर्षं भरेना, मग बघायचं कधी?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. आधी जखम मग शीर, असं आम्हीही शिकलो होतो, पण २०१८ मध्ये ब्रिटनमधला ४५० पेशंटचा अभ्यास आला, त्यात जखम उघडी असतानाच ज्यांची गळकी शीर लवकर बंद केली त्यांच्या जखमा ५६ दिवसांच्या आसपास भरल्या, थांबलेल्यांना ८२ दिवस लागले. दोघांनाही दाबपट्टी होतीच हां, म्हणजे पट्टीला सुट्टी नाही.

पण आईंना शुगर आहे म्हणून घाई करण्याआधी दोन कामं. पायातल्या धमनीचा रक्तपुरवठा तपासायचा, घोट्याचं आणि हाताचं बीपी मोजून सोपी टेस्ट असते, पुरवठाच कमी असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय जाऊ शकतो. आणि दोन वर्षं जुन्या जखमेच्या कडेचा बारीक तुकडा तपासायला पाठवायचा, अशा जुनाट जखमेत क्वचित कॅन्सर होतो. लेप मात्र आजपासून बंद, या कातडीला कशाचीही ॲलर्जी पटकन येते, मलमांचीसुद्धा. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला, सर्जरीच्या ओपीडीत दाखवा आणि सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊनच जा म्हणजे दुसरी खेप वाचेल.

प्रश्न : पाचवा महिना सुरू आहे, अचानक दोन्ही पायांवर शिरा आल्यात, सासूबाई म्हणतात लगेच लेसर करून घे. — राजारामपुरी

उत्तर : अजिबात नाही. डिलिव्हरीनंतर यातल्या बऱ्याच आपोआप बसतात, बाळ चार-सहा महिन्यांचं झाल्यावर डॉप्लर करून बघू. तोवर स्टॉकिंग म्हणजे दाबाचे मोजे, डाव्या कुशीवर झोपणं आणि सासूबाईंना हे पान वाचायला देणं. एकच पाय जास्त सुजला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-लाल रेषा आहेत, दुखत नाही. पण एका जाहिरातीत लेसर केलंच पाहिजे असं म्हटलंय.

उत्तर : ‘केलंच पाहिजे’ असं यात काही नसतं. या एक मिलिमीटरपेक्षाही बारीक शिरा, नको वाटत असतील तर बारीक सुईनं औषध टोचून घालवता येतात, दोन-तीन बैठका लागतात, तपकिरी डाग काही महिने राहू शकतो. शिरेच्या आत फायबर घालायचं लेसर यांच्यासाठी नव्हेच.

प्रश्न : दाबाचे मोजे मे महिन्यात कोल्हापुरात घालवत नाहीत. मोज्यांनी शिरा जातात का? न घालता चालेल का?

उत्तर : मोज्यांनी शिरा जात नाहीत, पाय जड होणं आणि सूज कमी होते, घालता तोवरच. घालायची वेळ सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, सूज चढल्यावर दुपारी ओढत बसलात तर मोजा फाटेल नाहीतर तुमचा संयम. गुडघ्यापर्यंतचा पुरतो बहुतेकांना, माप टेप लावून घ्या, अंदाजे एल-एक्सएल नको. उन्हाळ्यात अगदीच नको झालं तर तेवढे दिवस संध्याकाळी पाय छातीच्या वर ठेवून अर्धा तास पडा आणि रंकाळ्याला एक चक्कर मारा, भेळ खात कठड्यावर बसणं यात धरत नाहीत.

प्रश्न : वडील गरम पाण्यानं आंघोळ करत होते, घोट्याजवळच्या शिरेतून एकदम रक्ताची चिळकांडी उडाली, बाथरूम लाल झालं. आम्ही गुडघ्याखाली दोरी आवळून बांधली आणि रिक्षानं नेलं. बरोबर केलं का?

उत्तर : नेलं ते बरोबर, दोरी चुकली. वरून दोरी आवळली की धमनीतून रक्त येत राहतं आणि परतीची वाट तेवढी बंद होते, म्हणजे त्याच भोकातून रक्त जास्त येतं. परत झालं तर त्यांना आहे तिथंच फरशीवर आडवं करा, उभं किंवा खुर्चीत बसवू नका, पाय बादलीवर, स्टुलावर, तुमच्या खांद्यावर, कशावरही पण छातीच्या वर, आणि स्वच्छ फडक्याची घडी करून नेमक्या त्याच जागी बोटानं दाबून धरा. घड्याळ लावून दहा मिनिटं. थांबलं का म्हणून मधेच उचलून बघायचं नाही, बघितलं तर परत पहिल्यापासून दहा. आणि डॉप्लर आठवड्याच्या आत.