हलक्या किट कारला टायर कोणते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (कॉव्हेंट्रीहून एक वाचक) : नमस्कार दादा, दोन हिवाळे गॅरेजमध्ये बसून लोटस सेव्हनच्या धर्तीची किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) बांधली. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेलं. आयव्हीए टेस्ट (अशा गाड्यांना रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी) पास झाली, नंबर पण आला. वजन भरलं ५७० किलो. टायर सध्या डोनर गाडीचेच, १९५/५० आर१५ (१९५ मिलीमीटर रुंद, १५ इंची चाकाचे). रविवारी कॉट्सवोल्ड्सला फेरफटका आणि वर्षातून तीन-चार ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचे दिवस), कॅसल कूम नाहीतर डॉनिंग्टन, एवढाच वापर आहे. एक मित्र म्हणतो डोळे झाकून सेमी-स्लिक (मऊ रबराचे, कमी नक्षीचे ट्रॅकचे टायर) टाक, दुसरा म्हणतो साधे रोड टायर बास झाले, तिसरा म्हणतो मागे २२५ टाक. दोन सेट घ्यायचं बजेट नाही. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन, स्वतःच्या हाताने बांधलेली गाडी रस्त्यावर आणणं हे सोपं काम नाही. आता टायरकडे वळू. तुमच्या टायरच्या कडेला साइजच्या पुढे बहुतेक ८२व्ही लिहिलेलं असेल, त्यातला ८२ म्हणजे एक टायर ४७५ किलोपर्यंतचा भार घेऊ शकतो. तुमची गाडी ५७०, तुम्ही बसलात की साडेसहाशेच्या आसपास, चार चाकांत वाटलं तर एकेकावर १६०-१६५ किलो. म्हणजे टायर आपल्या ताकदीच्या एक तृतीयांशावर काम करतोय, आणि तुम्हाला जे काही ठरवायचंय ते सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

यात फायदा पण आहे आणि अडचण पण. फायदा असा की टायरवरचा भार वाढत गेला की ग्रिप त्या प्रमाणात वाढत नाही, कमीच वाढते, त्यामुळे हलक्या गाडीला किलोमागे जास्त ग्रिप मिळते आणि म्हणूनच दीड टनाच्या महागड्या गाड्या वळणावर सेव्हनच्या मागे राहतात. अडचण अशी की रबर गरम होतं ते दाबलं, वाकवलं, घासलं गेल्यामुळे, आणि तुमची गाडी त्याला तेवढं दाबतच नाही. सेमी-स्लिकचं रबर चांगलं तापलं की मगच खरं चिकटतं, ते तापमान जड हॅचबॅक एक-दोन लॅपमध्ये गाठते, तुमची गाडी थंडीच्या दिवसात ट्रॅकवर सुद्धा जेमतेम गाठेल आणि रस्त्यावर तर विसराच. म्हणून ‘सगळ्यात चिकट टायर कोणता’ असं विचारू नका, ‘माझी गाडी खरोखर जेवढी तापवेल तेवढ्यात चांगला चालणारा टायर कोणता’ असं विचारा.

त्यामुळे २२५ चा विचार सोडून द्या. रुंद टायर म्हणजे तेवढाच भार अजून मोठ्या जागेत पसरणार, रबर अजून थंड राहणार, चाकाचं वजन वाढणार. आणि मागेच रुंद टाकले तर मागची ग्रिप पुढच्यापेक्षा बरीच जास्त होऊन गाडीचं नाक वळणाबाहेर ढकललं जाणार, म्हणजे ज्या मजेसाठी ही गाडी बांधली तीच गेली. मूळ लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली तेव्हा तिची चाकं आजच्या मानाने अगदी अरुंद होती आणि तरी ती चालवायला भन्नाट होती! १९७३ पासून केटरहॅम तीच गाडी बनवतंय आणि त्यांचे अनेक मालक आजसुद्धा १५ इंचीपेक्षा १३ इंची चाकंच पसंत करतात, चाक हलकं आणि साइडवॉल उंच, त्यामुळे टायर बोलतो जास्त. तुमच्याकडे १५ इंची आहेत तर तीच ठेवा, १९५ भरपूर आहे. एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोडवाला टायर मात्र शक्यतो टाळा, त्याची साइडवॉल जड गाडीसाठी कडक केलेली असते, तुमच्याकडे तो वाकणारच नाही, खड्ड्यातून मणक्यालाच कळेल.

आता पावसाचं. इंग्लंडमध्ये राहून पावसाचा विचार न करता टायर निवडणं म्हणजे कोकणात कौलं न शाकारता जून गाठणं. पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेला आहे, हे नासाच्या लोकांनी १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर तपासून सूत्रात बसवलंय. नक्षी झिजलेला टायर आणि साचलेलं पाणी धरलं तर ३२ पीएसआयला हा वेग ढोबळमानाने ताशी ५८ मैल येतो आणि १८ पीएसआयला, जो दाब हलक्या गाडीत असतो, फक्त ४४ मैल. गाडीच्या टायरला हा आकडा जसाच्या तसा लावू नका पण दिशा पक्की आहे, कमी दाबाची गाडी लवकर तरंगते, आणि त्यावर सेमी-स्लिकच्या चार खाचा काही करू शकत नाहीत. नवीन असताना सुद्धा त्यांची नक्षी उथळ असते आणि कायद्याने लागणारे १.६ मिलीमीटर लवकर येऊन ठेपतात. टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, पूर्ण फेरीभर एवढी खोली हवी, कमी भरली तर एका टायरमागे २५०० पाउंडापर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट.

आणि एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. सेव्हनला डिकी म्हणावी अशी जागाच नाही. ट्रेलर नसेल तर ज्या टायरवर ट्रॅकला जाणार त्याच टायरवर परत येणार. दिवसभर उन्हात कॅसल कूमला मजा केली आणि संध्याकाळी एम४ मोटरवेवर धो धो पाऊस लागला, टायर थंड, नक्षी अर्धी झिजलेली, बाजूने ट्रक पाणी उडवत चाललेत, छप्पर नाही. मला ट्रॅकवरच्या दोन सेकंदांपेक्षा हा घरी येतानाचा तास जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तुमचा एकच सेट मी त्या तासासाठी निवडेन.

म्हणून माझं मत मधल्या गटातले टायर. योकोहामाचा एडी०८आरएस किंवा नानकँगचा एनएस-२आर, दोन्ही तुमच्या साइजमध्ये येतात, रस्त्याला चालतात, ओल्यात सेमी-स्लिकपेक्षा बरेच भरवशाचे आणि ट्रॅकवर साध्या टायरसारखे पेस्ट होत नाहीत. एनएस-२आर दोन कंपाउंडमध्ये (रबराच्या मिश्रणांत) येतो, ट्रेडवेअर (रबर किती टिकेल त्याचा आकडा, कमी म्हणजे मऊ) १२० आणि १८०. जड गाडीवाल्याला मी १८० सांगेन, तुम्हाला १२०, कारण मऊ रबर लवकर तापतं आणि तुमच्या वजनाला ते लवकर संपणार पण नाही. फक्त ट्रेडवेअरचे आकडे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये ताडून बघा, हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच जाहीर करते त्यामुळे एकीचा १८० आणि दुसरीचा १८० सारखे असतीलच असं नाही. टोयोच्या आर८८८आरचा ट्रेडवेअर १०० आहे, सुंदर टायर आहे, गाडी ट्रेलरवरून नेणार असाल किंवा फक्त मे ते सप्टेंबर कोरड्यातच चालवणार असाल तर खुशाल घ्या, पण तुम्ही लिहिलेल्या वापराला नको. पुढे स्पर्धेत उतरायचं झालं तर मात्र आधी त्या क्लासचे नियम वाचा, मोटरस्पोर्ट यूके या तिथल्या नियामक संस्थेच्या याद्यांमध्ये कुठला टायर कुठल्या गटात ते ठरलेलं असतं.

एव्हॉन सीआर५०० बद्दल कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच. हलक्या गाडीसाठी म्हणूनच बनवलेला टायर, सेव्हनवाल्यांचा लाडका. पण एव्हॉनची मालक कूपर कंपनी २०२१ मध्ये गुडइयरने घेतली आणि विल्टशरमधला मेल्कशमचा कारखाना २०२३ च्या शेवटी बंद झाला, खरंच वाईट वाटतं, कॅसल कूमपासून हाकेच्या अंतरावर हे टायर बनायचे. कुठे जुना स्टॉक दिसला तर आधी खालचं शेवटचं उत्तर वाचा.

प्रश्न (स्विंडनहून एक वाचक) : दादा, माझी वेस्टफील्ड (सेव्हनच्याच धर्तीची किट कार) पंक्चर काढून आणल्यापासून रस्त्यावर उड्या मारते, स्टीअरिंग सरळ धरवत नाही. दुकानदाराने चारही टायरमध्ये ३२ भरली म्हणाला, ती तर नॉर्मल हवा आहे ना?

उत्तर : नॉर्मल आहे, पण हॅचबॅकला. तुमच्या गाडीला ती फार म्हणजे फारच जास्त. बघा, एमएक्स-५ साधारण टनभराची, तिलाच माझदा २६ सांगते, मग पाचशे-सहाशे किलोच्या गाडीत ३२ भरली की टायर फुगून फक्त मधल्या पट्टीवर चालतो, कडा जमिनीला लागत नाहीत आणि साइडवॉल दगडासारखी होते. सेव्हन प्रकारच्या गाड्यांत थंड टायरला १८ पासून सुरुवात करायची, रस्त्यासाठी बहुतेकांचं १८ ते २० मध्ये जमतं. तुमच्या किटच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो धरा. आणि स्वतःचा चांगला गेज घ्या, पेट्रोल पंपावरच्या गेजचा भरवसा नाही आणि १८ मध्ये २ ची चूक म्हणजे दहा टक्क्यांच्या वर जाते, ती हाताला लगेच जाणवते. पुढच्या वेळी चाक दुकानात द्याल तेव्हा डॅशवर आणि चाकावर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात १८ लिहून ठेवा.

ट्रॅकवर टायर तापला की आतली हवा फुगते. सकाळी १५ डिग्रीला १८ भरलेली असेल आणि आतली हवा ४५ ला गेली तर दाब साडेएकवीसच्या जवळ जातो, ६० ला गेली तर २३. म्हणून ट्रॅक डेला दाब बघायचा तो गाडी पिटमध्ये आल्या आल्या, चहा पिऊन नाही. टायरच्या खांद्यावर खडूने आडवी रेघ मारा आणि चार-पाच लॅप मारून या. रेघ खांद्यावरून खाली साइडवॉलपर्यंत पुसली गेली असेल तर हवा थोडी वाढवा, ट्रेडच्या कडेपर्यंत सुद्धा पुसली नसेल तर कमी करा, एका वेळी एकच पीएसआय. जमलं तर सुईवाला थर्मामीटर घ्या आणि आतली बाजू, मध्य, बाहेरची बाजू असं तीन ठिकाणी मोजा. मध्य जास्त गरम म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गरम म्हणजे हवा कमी, बाहेरचीच कड गरम म्हणजे कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कोन) कमी पडतोय. लेझरवाली गन फक्त वरचं कातडं मोजते आणि ते पिटलेनमध्ये येईपर्यंत गार झालेलं असतं. घरी निघताना मात्र टायर पूर्ण गार होऊ द्या आणि दाब परत रस्त्याचा करा, ट्रॅकवर तापलेल्या टायरमधून काढलेली हवा गार झाल्यावर कमी पडते आणि हे विसरायला फार सोपं आहे.

प्रश्न (पुण्याहून इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी) : सर, आमची टीम फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेसाठी गाडी बनवतेय. १० इंची चाकं घ्यावी की १३ इंची यावर टीममध्ये रोज भांडणं होतायत.

उत्तर : भांडा, पण डेटा घेऊन भांडा. तुमची गाडी केटरहॅमच्या पण निम्म्याने हलकी, त्यामुळे वर जे तापण्याबद्दल लिहिलंय ते तुम्हाला दुप्पट लागू. तुमच्या इव्हेंट बघ ना, ॲक्सेलरेशन ७५ मीटर, स्किडपॅडला छोट्या वर्तुळात दोन-दोन फेऱ्या, आणि टायर वॉर्मर वापरायला परवानगी नाही. म्हणजे एंड्युरन्सचे २२ किलोमीटर सोडले तर बाकी सगळीकडे टायर जवळजवळ थंडच असणार. १० इंची चाक-टायर हलकं, फिरवायला कमी ताकद लागते आणि रबर कमी असल्याने लवकर तापतं, माझा कौल तिकडे. पण ब्रेक डिस्क, कॅलिपर आणि अपराइट (चाकाचा हब धरणारा भाग) त्या रिममध्ये बसवणं खरं डोकेदुखीचं काम आहे, आणि पहिल्याच वर्षी सस्पेन्शनच्या टीममध्ये माणसं कमी असतील तर १३ इंची घेऊन गाडी वेळेत पूर्ण करा आणि उरलेले दिवस चालवण्यात घाला. टायर बाहेरून मागवावे लागतील तर कस्टमचा वेळ धरून आत्ताच ऑर्डर करा.

प्रश्न (स्लाऊहून एक वाचक) : न वापरलेले सेमी-स्लिक अर्ध्या किमतीत मिळतायत, पाच-सहा वर्षं जुने आहेत पण नक्षी पूर्ण आहे. घेऊ का?

उत्तर : नको. हलक्या गाडीत टायर झिजून संपत नाही, म्हातारा होऊन संपतो. तुमच्यासारख्यांची गाडी वर्षाला दोन-तीन हजार मैल चालते, नक्षी वर्षानुवर्षं तशीच दिसते आणि आत रबर कडक होत राहतं. मऊ कंपाउंड तर जास्तच, कारण त्याला मऊ ठेवणारी तेलं हळूहळू निघून जातात, आणि प्रत्येक वेळी तापून गार झालं की अजून थोडं कडक होतं. असा टायर दिसायला नवा आणि ओल्या राउंडअबाउटवर लाकडासारखा. तुम्ही आज घेणार आणि तुमच्या वापराने पुढची पाच वर्षं तेच चालवणार, मग तो दहा वर्षांचा होणार. इथे ब्रिटनमध्ये बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकाला दहा वर्षांवरचे टायर २०२१ पासून कायद्याने बंद आहेत, कारला हा नियम नसला तरी त्यामागचं कारण कारला पण तेच आहे.

साइडवॉलवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ते बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे विकणाऱ्याकडून चारही टायरच्या कोडचे फोटो मागवा, एक फोटो पाठवून बाकीचे ‘तसेच आहेत’ म्हणाला तर पुढे बोलू नका. ट्रेडमध्ये नख रुतवून बघा, मऊ कंपाउंडवर खूण उमटायला हवी. ई-मार्क (रस्त्यावर वापरायला मंजुरी असल्याचा शिक्का) आहे ना ते बघा, ‘रस्त्यावर वापरासाठी नाही’ अशा अर्थाचं काही छापलेलं असेल तर तो विषय तिथेच संपला. दोन वर्षांच्या आतला, अंधारात आणि घरात ठेवलेला सेट असेल तर भाव करा. आणि तुमचे स्वतःचे पण नीट ठेवा, हिवाळ्यात गाडी स्टँडवर घ्या, चाकांवर काळं कापड टाका, आणि शेडमध्ये बॅटरी चार्जर किंवा फ्रीजर असेल तर टायर त्यापासून लांब ठेवा, मोटर आणि चार्जरमधून ओझोन निघतो आणि त्याने साइडवॉलला बारीक तडे जातात.