क्यूब डमरूसारखा फुटला पाहिजे

गेल्या अंकात मी रेडीमिक्स प्लांटच्या, म्हणजे काँक्रीट तयार करून गाडीने साईटवर पाठवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि ‘काँक्रीटमध्ये शिकण्यासारखं असतं तरी काय?’ असं विचारणारी पत्रं आली. बहुतेक दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांतून. मी ऐरोलीत राहते. १९९४ साली सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन साईटवर गेले आणि आता तुर्भ्याच्या एका प्लांटवर क्वालिटी बघते. ड्रायव्हर मंडळी मला ‘क्यूबवाल्या मॅडम’ म्हणतात. क्यूब म्हणजे ताकद तपासायला साच्यात भरलेला काँक्रीटचा ठोकळा, तो मशीनमध्ये दाबून फोडतात. पत्रं थोडी छाटली आहेत, राग नसावा.

मॅडम, मला दहावीला ७१ टक्के मिळाले. बाबा शटरिंगचे सुतार आहेत, घोडबंदरच्या साईटवर जातात. मला सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय. बाबा म्हणतात, ‘मी जन्मभर सिमेंट झटकत घरी आलो, आता तू कशाला?’ आत्या म्हणते अकरावी सायन्स घे. काय करू?
एक विद्यार्थिनी, दिवा

बाबांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. उन्हात स्लॅबवर उभं राहणं काय असतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण आज रात्री जेवताना त्यांना एक प्रश्न विचार: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप, म्हणजे खालचे टेकू, किती दिवसांनी काढायचे? ते ‘सात’ म्हणतील. मग विचार, त्याहून मोठा गाळा असेल तर? ‘चौदा.’ आयएस ४५६ नावाचं काँक्रीटच्या नियमांचं जे कोड आम्ही उशाशी घेऊन झोपतो, त्यात साध्या सिमेंटसाठी हेच आकडे आहेत. तुझ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी काँक्रीट टेक्नॉलॉजी शिकवतील, तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांना प्रॉप म्हणजे काय तेच ठाऊक नसेल. तू घरून शिकून जाशील.

आता रस्ता. डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय फेऱ्यांतून, परीक्षा एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची. तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तेही डिप्लोम्याच्या मार्कांवर, सीईटी न देता. अकरावी-बारावी करून सीईटीने गेलीस तरी डिग्री मिळेल. वर्षं मोजलीस तर दोन्हीकडे सहाच होतात. फरक इतकाच की डिप्लोमावाली मुलगी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागू शकते, आणि घरची ओढाताण असेल तर ते सोपं पडतं. ७१ टक्क्यांत हव्या त्या कॉलेजात नंबर लागेलच असं नाही, तेव्हा ऑप्शन फॉर्म भरताना ठाण्यापुरतीच नजर ठेवू नकोस. पनवेल-कर्जतकडचीही नावं टाक. दिव्याहून दोन्ही दिशांना गाडी जाते.

पैशाचं एक काम मात्र या आठवड्यातच कर. बाबांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात आहे का बघ. वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला एवढं लागतं. नोंदणी चालू असेल तर मंडळ पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत देतं: दहावीला ५० टक्क्यांच्या वर मार्क असले की १०,००० रुपये, डिप्लोम्याला वर्षाला २०,०००, इंजिनिअरिंगच्या डिग्रीला वर्षाला ६०,०००. इतके सुतार, फिटर, गवंडी माझ्या ओळखीचे, पण यातलं निम्म्यांनी ऐकलेलं नसतं. कंत्राटदार ९० दिवसांचा दाखला द्यायला टाळाटाळ करतात, म्हणून बाबांनी आत्ताच मागे लागावं.

मुलींना साईटवर काम जमतं का, हे तू विचारलं नाहीस, पण आत्या विचारेल. जमतं. फक्त मुताऱ्या नसतात. साईट बघायला गेलीस की आधी ते विचार, लाजू नकोस. मी पहिली दोन वर्षं पाणी कमी प्यायले आणि मूतखडा करून घेतला.

आणि एक चूक सांगते, म्हणजे तू ती करणार नाहीस. नोकरीच्या पहिल्याच वर्षी खाडीजवळच्या एका इमारतीवर होते. कंपनी आता नाही, नावही नको. संध्याकाळी काँक्रीटच्या पाच गाड्या आल्या, मी दोनच तपासल्या, कारण शेवटची बस साडेसातची होती. दुसऱ्या दिवशी मुकादमाने रजिस्टर पुढे केलं आणि मी पाचही गाड्यांपुढे सही केली. क्यूब अठ्ठाविसाव्या दिवशी फोडतात, तेव्हा त्यातले तीन ताकदीला कमी आले. मग स्लॅबवर हातोडीसारखं यंत्र आपटून ताकद अंदाजायची हॅमर टेस्ट, मग स्लॅबला भोकं पाडून कोअर, म्हणजे गोल नमुने, काढणं. कोअरची सरासरी ग्रेडच्या, म्हणजे ठरलेल्या ताकदीच्या, ८५ टक्क्यांच्या वर यावी लागते आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली चालत नाही. आमचा एक ७६ वर आला. माझी नोकरी त्या एका टक्क्यावर वाचली. अजूनही कोरं रजिस्टर समोर आलं की मी आधी गाडीचा नंबर विचारते.

माझा मुलगा बी.ई. सिव्हिल झाला, उलव्याच्या साईटवर वर्षभर आहे. रोज रात्री नऊला येतो, म्हणतो सोडतो आणि सॉफ्टवेअरचा कोर्स करतो. त्याला एम.बी.ए. करू द्यावं की सरकारी परीक्षा?
एक आई, कोपरखैरणे

ताई, आधी तो साईटवर दिवसभर काय करतो ते विचारा. नुसती मजुरांची हजेरी आणि सिमेंटच्या गोण्या मोजत असेल तर नोकरी बदलायला सांगा, क्षेत्र नाही. सळईचं शेड्यूल काढणं, स्लॅब भरण्याआधी कव्हर (सळईवर काँक्रीटचा थर किती राहील ते) तपासणं, बिलं करणं यातलं काही करत असेल तर वर्षभरात तो बरंच शिकलाय, फक्त थकलाय. परीक्षा घ्यायची तर विचारा, बारा एमएमच्या सळईचं मीटरला वजन किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२. कागद न घेता ‘आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम’ म्हणाला तर मुलगा साईटवर मुरतोय.

पुढचं शिकायचं तर मॅनेजमेंटकडे जाणाऱ्यांसाठी पुण्याचं निकमार आहे, १९८३ ला स्थापन झालेलं, बांधकाम व्यवस्थापन शिकवणारं. तिथे दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊन गेलेल्याला वर्गात काय बोलताहेत ते कळतं, कोरा गेलेला नोट्स उतरवत बसतो. डिझाईनची आवड असेल तर गेट देऊन एम.टेक. सरकारी ज्युनिअर इंजिनिअरच्या जागा निघतात, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, पालिका. पण नोकरी सोडून फक्त त्याच्या मागे तीन वर्षं बसू देऊ नका. माझ्या बरोबरीचे दोघं तसे बसले, एकाला लागली.

सॉफ्टवेअरचा कोर्स करायचाच असेल तर करू दे बापडा. पण उलवे ते कोपरखैरणे रात्री नऊ वाजता, हा प्रवासाचा त्रास आहे. तो आणि कामाचा कंटाळा, दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

मी बारावी सायन्स, महाप्याच्या रेडीमिक्स प्लांटवर लॅब असिस्टंट आहे, तीन वर्षं झाली. क्यूब भरतो, टाकीत टाकतो, फोडतो. डिग्रीशिवाय पुढे जाता येईल का?
एक वाचक, घणसोली

मित्रा, तुझं पत्र वाचून मी खुर्ची पुढे ओढली. तू तीन वर्षं जे करतोस त्यावर तर माझा पगार चालतो.

क्यूब १५० मिलिमीटरचा, म्हणजे दाबाचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. एम-२५ ग्रेडचा क्यूब चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाबाला टिकायचा तर मशीनच्या काट्याने ५६२ किलोन्यूटन ओलांडले पाहिजेत, म्हणजे साधारण ५७ टन. हे तुला माहीतच आहे. पण फुटलेला तुकडा तू कचऱ्यात टाकण्याआधी बघतोस का? नीट भरलेला, नीट बसवलेला क्यूब चारही बाजूंनी पापुद्रे टाकतो आणि मधे डमरू उरतो. एकाच बाजूने फाटला तर क्यूब वाकडा भरलाय किंवा प्लेटवर तिरका ठेवलाय, आणि त्या आकड्याला काही अर्थ नाही. आमच्याकडे एक पोरगा तीन महिने सतत कमी आकडे काढत होता. सगळे सिमेंटला शिव्या देत होते. मी एक दिवस नुसती उभी राहिले. तो क्यूब तिरक्या प्लेटवर ठेवत होता. प्लेट सपाट हवी आणि लोड मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरने चढवायचा, याची त्याला कुणी जाणीवच दिली नव्हती. सिमेंट बिचारं निर्दोष सुटलं.

आता पुढचं पाऊल. बॅचरशेजारी, म्हणजे मिक्सचं माप घालणाऱ्याशेजारी, बसायला माग, पावसाळ्यात माग. हिशेब असा: एका घनमीटरला ८०० किलो क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू. जुलैत तिच्या कणांवर ४ टक्के पाणी धरलं तर ३२ लिटर पाणी वाळूबरोबर फुकट आलं. मिक्समध्ये सिमेंट ३४० किलो आणि पाणी १६० लिटर असेल, तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४७; ते वाढलं की ताकद घटते. वाळूचं पाणी कुणी वजा केलं नाही की पाणी १९२ झालं आणि गुणोत्तर ०.५६. माल छान सरसर वाहतो, ड्रायव्हर खूश, साईट खूश, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आपण सगळे मीटिंगमध्ये. सकाळी शिफ्ट सुरू होताना आणि सर आली की पुन्हा ओलावा काढणारा लॅबवाला असला तर प्लांट मॅनेजर त्याला रजा द्यायला रडतो. तुला तसा व्हायचंय.

कागदाचं सांगते. बारावी सायन्सवर डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तेव्हा एक वर्ष वाचतं. दिवसाचं कॉलेज जमणार नसेल तर अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची इंडिया चॅप्टर मुंबईतूनच चालते. फील्ड टेस्टिंग टेक्निशियनचं सर्टिफिकेट ती देते. परीक्षेत स्लम्प (ताजा माल किती सैल आहे त्याचं माप), तापमान, हवेचं प्रमाण, सगळं हाताने करून दाखवायचं असतं. मोठे प्रोजेक्ट हे सर्टिफिकेट बघतात. आणि एनपीटीईएल या ऑनलाईन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासचे मनु संथानम यांची काँक्रीटवरची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजीत आहेत, पण विषय तुझाच असल्याने दुसऱ्या वेळी ऐकताना कळतील. मी वयाच्या पन्नाशीला ऐकली, भाजी निवडताना.

एक पथ्य पाळ. गाडी दोन तास घोडबंदरला अडकली, स्लम्प गेला, साईटवरून फोन आला ‘दोन बादल्या पाणी मारू का?’ तर ‘नाही’ हा शब्द तुझ्या तोंडून पहिल्या दमात निघाला पाहिजे. ॲडमिक्स्चरचा, म्हणजे माल सैल करणाऱ्या रसायनाचा, कॅन घेऊन जा. किती टाकायचं ते प्लांटला विचारून, मोजून टाक, ड्रम फिरव, परत स्लम्प घे. नाहीच सुधारला तर गाडी परत.

भाच्याला अमेरिकेत काँक्रीट इंडस्ट्री मॅनेजमेंट नावाची डिग्री करायचीय. असं काही असतं का? नौपाड्याची जागा विकायचा विचार आहे.
एक मामा, ठाणे

असतं. टेनेसीमधल्या मर्फ्रीसबरो गावच्या मिडल टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत ही चार वर्षांची डिग्री १९९६ ला सुरू झाली. पुढे कॅलिफोर्नियात चिकोला आणि टेक्सास स्टेटलाही आली. काँक्रीटच्या जोडीला हिशेब, विक्री, करारमदार शिकवतात, आणि कल्पना मला फार पटते. आपल्याकडे पोरांना मिक्स डिझाईन येतं, पण कोटेशन लिहिता येत नाही.

पण तो तिकडेच नोकरी करणार असेल तरच. तिथे गोल सिलिंडर फोडतात, आपण चौकोनी क्यूब. त्याच मालाचा सिलिंडर क्यूबच्या साधारण ८० टक्केच आकडा दाखवतो. नियमांची कोड वेगळी, मापं वेगळी. परत येऊन इथलं कोड नव्याने शिकावं लागेल. आणि जागा विकून? मुळीच नको. आधी त्याला सुट्टीत महिनाभर इथल्या एखाद्या प्लांटवर पाठवा, धूळ खाऊ दे. त्यानंतरही तोच हट्ट राहिला तर बँकेकडे जा.

ऑटोकॅड शिकू की रेविट?
एक विद्यार्थी, कळवा

नकाशे काढायची सॉफ्टवेअर दोन्ही, पण आधी ऑटोकॅड, मग रेविट. दोन्हींच्या आधी हाताने एक जिना काढ, पायऱ्या मोजून.

पुढच्या महिन्यात पहिल्यांदा साईटवर ट्रेनिंगला जातेय. सोबत काय नेऊ?
एक विद्यार्थिनी, वाशी

सेफ्टी शूज, तेही जाड मोजे घालून माप घेतलेले. बहुतेक साईटवर मुलींच्या मापाचे नसतात, म्हणून स्वतःचे घे. मोज्यांचे दोन जोड, कारण ओलं सिमेंट मोज्यात गेलं की कातडी खातं आणि दुखायला संध्याकाळी लागतं. पाच मीटरची टेप, लांब बाह्यांचा सुती शर्ट, पाण्याची मोठी बाटली. वही खिशात मावेल एवढीच, आणि पेन्सिल. पेन सिमेंटने बंद पडतं.