‘सध्या’ हा शब्द

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. मालिकेत भूमिका मिळाली, रोजचे बारा-तेरा तास सेटवर जाणार, म्हणून अर्धवट राहिलेल्या कथा सध्या बाजूला ठेवते, असे तू लिहिले आहेस. अभिनंदन इतर लोक करतीलच. मला मात्र तो ‘सध्या’ खटकला, कारण हा शब्द मी स्वतः चौतीस वर्षे वापरला आहे.

वर तू बंगाली नट सौमित्र चटर्जींचा दाखला देतेस, की ते आधी नट म्हणून स्थिरावले आणि मग सवडीने लिहू लागले. हे तुला कोणी सांगितले? कोलकात्याच्या सिटी कॉलेजात बंगाली साहित्य शिकलेला, कोवळ्या वयापासून कविता करणारा हा तरुण आकाशवाणीवर निवेदक होता. ‘अपराजितो’ चित्रपटाच्या वेळी तो दिग्दर्शक सत्यजित राय यांना नायक अपूच्या किशोरवयासाठी फार उंच आणि थोराड वाटला, पण त्यांनी त्याला लक्षात ठेवले आणि १९५९ मध्ये त्याला मोठा अपू करून ‘अपूर संसार’ आणला. त्यातला अपू कादंबरी लिहीत असतो आणि बायको वारल्यावर त्या कादंबरीची पाने डोंगरावरून खाली सोडून देतो. पडद्यावर पाने सोडून देणाऱ्या या नटाने दोनच वर्षांनी, १९६१ साली, निर्माल्य आचार्य या मित्राबरोबर ‘एक्षण’ हे साहित्यिक नियतकालिक काढले. त्याच वर्षी चटर्जींचे ‘तीन कन्या’ आणि तपन सिन्हांचा ‘झिंदेर बंदी’ हे चित्रपटही आले होते. नियतकालिक चालवणे म्हणजे काय, हे तुला ठाऊक नसेल; लेखकांच्या दारी खेटे घालायचे, मुद्रिते तपासायची, कागदाचे पैसे उभे करायचे. मुखपृष्ठे राय करून देत, एवढे सुख खरे. ‘एक्षण’ म्हणजे ‘या क्षणी’. सवडीने नव्हे.

एका कामाला दुसऱ्याचे निमित्त देऊ नकोस, एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

राय यांच्याच ‘चारुलता’ चित्रपटाची गोष्ट ऐक. एकोणिसाव्या शतकातल्या अमलची भूमिका होती आणि पडद्यावर त्याला लिहिताना दाखवायचे होते. बंगाली अक्षरावर रवींद्रनाथांच्या वळणाचा एवढा ठसा आहे की, त्यांच्या आधीच्या काळातला तरुण तसे लिहिणे शक्य नाही, असे राय यांचे म्हणणे पडले. चटर्जींनी जुने वळण गिरवायला घेतले, काही महिने गिरवत राहिले, आणि त्यानंतर त्यांचे स्वतःचे हस्ताक्षर कायमचे बदलले. आता यात अभिनय कोणता आणि लेखन कोणते, ते तू मला वेगळे करून दाखव. तू दोन डबे मांडून बसली आहेस. त्या माणसाने एकच बोरू दोन्हीकडे चालवला.

माझ्याकडे हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आहे. बँकेत लागलो त्या वर्षी तिच्यात नाटक लिहायला घेतले होते. दुसऱ्या अंकात ‘दार उघडते आणि’ इथे ते थांबले आहे. पुढे बदल्या झाल्या, आईचे दुखणे निघाले, दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. मी घर टाकून पळालो नाही, याची मला लाज वाटत नाही आणि त्याबद्दल कोणी मला बोल लावू नये. पण खरे सांगायचे तर, आईच्या उशाशी बसून काढलेल्या रात्रींत मी वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवत असे. वेळ होता. निमित्तही होते, आणि ते मला फार सोयीचे होते. निवृत्तीनंतर वही उघडली, तर अक्षर परक्या माणसाचे वाटले. तेव्हापासून रोज पहाटे पाचला तिच्यासमोर बसतो. घरचे हसतात, हसू देत. दारामागे कोण उभे होते, ते अजून आठवत नाही.

पण पत्र तुझ्यासाठी आहे. तू म्हणशील, त्यांची गोष्ट निराळी, त्यांना राय लाभले. राय यांच्याबरोबर त्यांचे चित्रपट चौदा, आणि एकूण चित्रपट दोनशेहून अधिक. त्यांतले कितीतरी अगदी बेतास बात होते, हेही लिहून ठेवतो, म्हणजे तू त्यांना देव्हाऱ्यात बसवणार नाहीस. पण तसल्या चित्रपटांच्या धबडग्यातही कवितासंग्रह निघत राहिले, नाटके लिहिली आणि बसवली गेली. २०१० साली, पंचाहत्तराव्या वर्षी, ते रंगमंचावर शेक्सपिअरचा लिअर राजा म्हणून उभे राहिले. पंचाहत्तराव्या वर्षी माणूस निमित्ते सांगत नाही, असे तुला वाटते का? माझ्या ओळखीचे सगळे साठीतच सांगू लागले आहेत, आणि तू तर पंचविशीत!

मालिका सोडू नकोस. पैसे लागतात, आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची सवय फुकट मिळत नाही. पण सेटवर लाइट लागेपर्यंत तासन्‌तास बसावे लागते, हे तूच मला मागे सांगितले होतेस. त्या वेळात मोबाइल बघत बसणार असशील, तर कथांसाठी वेळ नाही असे मला पुन्हा लिहू नकोस. मला राग येतो.

विहिरीवरच्या बाईची ती कथा कोजागिरीपर्यंत पाठव. हाताने लिहून पाठव, अक्षर कसेही असो.

तुझा,
काका